'ही गोळी कशाची आहे?' : मुलांपासून लपवलेल्या एचआयव्हीचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, पोट्टा आता रोज विचारते, ही गोळी कायची हाय. काय सांगू त्याले?"

नंदनवनातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणारी कधी आई असते, कधी आजी, कधी मामा. मूल आठ-दहा वर्षांचं असतं. महिन्याची औषधं मेडिकलच्या एआरटी केंद्रातून येतात आणि ताप-खोकल्याला ही मंडळी जवळचा म्हणून माझ्याकडे येतात. मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून, दार लोटून, हळू आवाजात प्रश्न विचारला जातो.

तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असं मूल असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उत्तराकडे जाण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण ही लपवाछपवी तुमच्या घरात सुरू झालेली नाही. ती आधीपासून चालत आली आहे आणि तिच्यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे.

जेव्हा हा प्रश्नच नव्हता

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत सापडली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ती शोधली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. ज्या राज्यांत गरोदर स्त्रियांमधलं लागणीचं प्रमाण १ टक्क्याहून जास्त आढळलं, त्यांना जास्त लागणीची राज्यं म्हटलं गेलं. अशी सहा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यातलं एक. आजही देशात एचआयव्हीसह जगणारी सर्वाधिक माणसं आपल्याच राज्यात आहेत. नागपूर तर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या चौकावर वसलेलं शहर. ट्रक, मजुरी, स्थलांतर या सगळ्यांबरोबर आजारही फिरला आणि त्या माणसांच्या घरी, बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोहोचला.

आईकडून बाळाला लागण गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून होऊ शकते. काहीच उपचार नसतील तर हा धोका १५ ते ४५ टक्के असतो. लागण झालेल्या बाळांपैकी, औषधांशिवाय, जवळजवळ निम्मी दोन वर्षांच्या आतच दगावतात. म्हणजे नव्वदच्या दशकात 'मुलाला काय सांगायचं' हा प्रश्न फारसा उभाच राहत नव्हता. विचारण्याच्या वयापर्यंत मूल पोहोचतच नव्हतं.

मोठ्यांना तरी कुठे सांगितलं जात होतं? त्या काळात मी शिकत होतो. ज्या रुग्णालयात मी काम केलं, तिथे अशा रुग्णाच्या केसपेपरवर लाल पेनाने खूण केलेली असे. वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना त्या खुणेचा अर्थ ठाऊक असे. फक्त रुग्णाला समोर बसवून नीट कुणी सांगितलेलं नसे. भिंतीवरच्या पोस्टरवर कवटी आणि हाडं असत. आज जे आईवडील, आजी-आजोबा मुलांपासून हे नाव लपवतात, ते तीच पोस्टरं पाहत मोठे झाले. त्यांच्या मनात 'एड्स' या शब्दाशेजारी अजून कवटीच आहे.

मुंबई उच्च न्यायालयात एका एचआयव्हीबाधित कामगाराने नोकरी नाकारल्याबद्दल दाद मागितली. १९९७ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याला खरं नाव न देता खटला लढू दिला. निकालाच्या कागदांवर त्याचं नाव इंग्रजीतली दोन अक्षरं एवढंच आहे. नाव लपवल्याशिवाय न्यायही मागता येत नव्हता, असा तो काळ होता.

औषध आलं, मूल मोठं झालं

१९९४ साली अमेरिका-फ्रान्समधल्या एका अभ्यासात दिसलं, की गरोदर आईला आणि नवजात बाळाला झिडोव्हुडिन दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतं. १९९६ साली तीन औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने घटले. पण एका माणसाच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आपल्याकडे ही औषधं असून नसल्यासारखीच होती.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. २००२ पासून आपल्याकडे आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रम देशभर पसरू लागला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक. २००६ च्या अखेरीस लहान मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आला. मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून देण्याऐवजी मुलांच्या वजनाप्रमाणे मात्रा मिळू लागली.

मुलं जगली. शाळेत गेली. आणि मग विचारू लागली.

सांगायचं की नाही हा प्रश्न असा औषधांमुळे उभा राहिला. मूल वाचलं, पण त्याला काय म्हणायचं याची तयारी ना घराची होती, ना शाळेची, ना आमची. याच सुमारास, २००७ साली, शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला राज्यात मोठा विरोध झाला आणि सरकारने तो थांबवला. ज्या वर्षांत ही मुलं मोठी होऊ लागली, त्याच वर्षांत वर्गात हा विषय निघण्याची वाट बंद झाली.

डॉक्टरही लपवतच होते

१९६१ साली अमेरिकेत शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं गेलं, 'कॅन्सर झाल्याचं तुम्ही रुग्णाला सांगता का?' जवळजवळ ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली दुसऱ्या एका पाहणीत हाच प्रश्न विचारला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत मत पूर्ण उलटलं. दरम्यान उपचार सुधारले होते. हातात काही देण्यासारखं असलं की सांगणं सोपं होतं.

मुलांच्या बाबतीत मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्ताचा कॅन्सर झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर त्यांनी वॉर्डात बराच काळ घालवला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की कुणीही काही न सांगता मुलांना आपला आजार कळलेला असतो. ती एकमेकांकडून शिकतात, मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकतात. आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून आपल्याला काही माहीत नाही असं दाखवतात. म्हणजे आईबाप मुलासाठी नाटक करतात आणि मूल आईबापांसाठी.

एचआयव्हीच्या बाबतीत अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली लिहिलं, की शाळेच्या वयाच्या मुलांना त्यांचा आजार सांगण्याला प्रोत्साहन द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या म्हणतात : शाळेच्या वयात, म्हणजे सहा ते बारा या काळात, मुलाला आपली लागण कळायला हवी. त्याहून लहान मुलाला त्याच्या समजेप्रमाणे थोडं थोडं सांगत जावं. उपलब्ध अभ्यास पाहून संघटनेने असंही म्हटलं, की सांगितल्याने आरोग्याला फायदा होतो आणि मनाला इजा झाल्याचा पुरावा फारसा नाही. आईवडिलांना स्वतःला लागण असेल, तर तेही या वयाच्या मुलांना कळावं असं या सूचना म्हणतात.

आपल्या विदर्भाला लपवण्याचा इतिहास नवा नाही. कुष्ठरोगाने माणसं घरातून उठून गेली. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी आणि वरोऱ्याला १९४९ साली बाबा आमट्यांनी त्यांना जागा दिली. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींच्या जखमांची सेवा गांधीजी स्वतःच्या हातांनी करत. याच विदर्भात सिकलसेलही घरोघरी आहे. तोही आईबापांकडूनच येतो, तोही जन्मभर राहतो. पण सिकलसेलचं कार्ड आई दप्तरात ठेवते, मास्तरांना दाखवते. एचआयव्हीचा कागद मात्र गादीखाली जातो. दोन्ही मुलं सारखीच निरपराध आहेत. मग फरक कशाचा?

गुपित मुलाचं नसतं

फरक असा, की सिकलसेलबद्दल मूल 'मला हे कसं झालं?' असं विचारतं तेव्हा आईला खाली मान घालावी लागत नाही. एचआयव्हीच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : 'तुला कसं झालं?' आणि 'बाबा कशाने गेले?' घरात लपवलेली गोष्ट बहुतेक वेळा मुलाचा आजार नसतो, मोठ्यांचं आयुष्य असतं. आपल्याकडच्या असंख्य आयांना तर लागण नवऱ्याकडून झाली, तो गेल्यावर सासरच्यांनी दोष मात्र त्यांनाच दिला, आणि आता पोटच्या पोरानेही तोच दोष द्यावा ही भीती त्यांना बोलू देत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात नागपुरातूनच बातमी आली, की थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली. वारंवार रक्त चढवावं लागणारी ही मुलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली, सगळ्यांना हळहळ वाटली आणि ती योग्यच होती. पण 'बिचारी, निष्पाप मुलं' हे शब्द ऐकताना माझ्या मनात येत होतं, की मग आईकडून लागण झालेलं मूल कोण? तो शब्द नकळत दुसऱ्या मुलांच्या घरांना दोषी ठरवतो. अमेरिकेत हेच रायन व्हाइटच्या बाबतीत झालं. हिमोफिलियाच्या औषधातून लागण झालेल्या त्या मुलाला १९८४ साली, तेराव्या वर्षी, निदान झालं आणि शाळेने प्रवेश नाकारला. पुढे सारा देश त्याच्या बाजूने उभा राहिला, पण 'निष्पाप बळी' म्हणून. १९९० साली तो गेला.

दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेचा एनकोसी जॉन्सन. जन्मतःच, आईकडून लागण झालेला. जुलै २००० मध्ये डरबनच्या जागतिक एड्स परिषदेत अकरा वर्षांचा हा मुलगा व्यासपीठावर उभा राहून हजारो लोकांसमोर स्वतःच्या आजाराबद्दल आणि आईबद्दल बोलला. वर्षभराने तो गेला. त्याला आपल्या आजाराचं नाव माहीत होतं आणि आईबद्दल त्याच्या मनात राग नव्हता.

आपल्याकडे पंढरपूरला मंगलताई शहांची 'पालवी' किंवा लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटलेंचं 'सेवालय' अशा ठिकाणी एचआयव्हीबाधित मुलं एकत्र वाढतात. तिथे गोळी घेणारं मूल एकटं नसतं. एका खोलीच्या घरात, पलीकडे शेजाऱ्याची भिंत, डबीवरचं लेबल खरडून काढलेलं, अशा ठिकाणी ते एकटं असतं.

माझी चूक

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक आजी नातवाला घेऊन आली. आईबाप दोघंही गेलेले. मुलगा अकराचा. आजीने आधीच बजावलं होतं, "रक्तवाढीची गोळी हाय म्हणून सांगजा." मुलाने मला विचारलं आणि मी तसंच सांगितलं. मला वाटलं, मी आजीवर दया करतोय.

चौदाव्या वर्षी त्याने गोळ्या सोडल्या. त्याचा हिशेब सरळ होता : रक्त वाढलं, मी धावतो, खेळतो, मग गोळी कशाला? आजीने दिलेली गोळी तो तोंडात धरून बाहेर थुंकत होता. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात एड्सचा धडा आला, एआरटी केंद्राच्या दारावरची पाटी आठवली आणि त्याने दोन्ही जोडलं. माझ्याकडे आला तेव्हा वजन उतरलेलं, मानेला गाठी, टीबी. बरा झाल्यावर एकदा तो एवढंच म्हणाला, "आजी घाबरली होती, तिचं समजते. तुमी कायले खोटं बोलले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधात सतत खंड पडला की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग दुसऱ्या फळीची औषधं द्यावी लागतात. त्याच्या बाबतीत तेच झालं. तो आज जगतोय, कामधंदा करतोय. पण टीबीतले ते महिने आणि बदललेली औषधं यात माझा वाटा आहे, हे मी विसरत नाही. त्या दिवसापासून मी मुलाशी खोटं बोलत नाही. सगळं लगेच सांगत नाही, पण खोटं सांगत नाही.

कायदा काय म्हणतो

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शाळा, नोकरी, दवाखाना किंवा भाड्याचं घर यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करायला त्याने मनाई केली आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची किंवा मुलाची लागण कुणी उघड करू शकत नाही. शाळेला सांगायची सक्ती नाही.

या कायद्यात एक तरतूद आहे जी मला नेहमी थांबून वाचावीशी वाटते. एचआयव्हीबाधित कुटुंबातलं बारा ते अठरा वर्षांचं समजदार भावंड आपल्या धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खातं, उपचार अशा कामांत उभं राहू शकतं. बारा वर्षांची ताई घराचा भार उचलू शकते हे कायद्याने ओळखलं. आपण मात्र त्याच वयाच्या मुलाला गोळीचं नाव सांगायला कचरतो.

मग सांगायचं कसं?

एका दिवशी बसवून सगळं ओतायचं नाही. हे पायऱ्यापायऱ्यांनी करायचं काम आहे.

पाच ते सात वर्षं : "तुझ्या अंगात शिपाई आहेत, ते आजाराशी लढतात. एक जंतू त्या शिपायांना त्रास देतो. ही गोळी त्या जंतूला झोपवून ठेवते. गोळी चुकली की तो उठतो." एवढं पुरे. यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून पुढे काही मागे घ्यावं लागत नाही.

आठ ते दहा वर्षं : जंतू रक्तात असतो, तो बरोबर खेळल्याने, जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. तपासणी कशाची होते, तिचा आकडा चांगला आला म्हणजे काय, हे सांगा.

दहा ते बारा वर्षं : नाव सांगा. एचआयव्ही. पुस्तकातला धडा, वर्गातला विनोद किंवा शेजारणीचा टोमणा सांगण्याआधी तुम्ही सांगा. 'कसं झालं?' विचारलं तर, "जन्माच्या वेळी माझ्याकडून तुला आलं. तेव्हा मला माहीत नव्हतं" (किंवा "तेव्हा औषध मिळालं नाही", जे खरं असेल ते). आईला एवढंच बोलायचं असतं. वडिलांच्या आयुष्याचा हिशेब त्या दिवशी मांडायची गरज नाही.

'कुणाला सांगू नको, लाजेची गोष्ट आहे' असं म्हणू नका. "ही आपली घरची गोष्ट आहे, कुणाला सांगायची ते आपण दोघं ठरवू" असं म्हणा. लपवणं आणि खाजगी ठेवणं यातला फरक मुलाला कळतो.

रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. किंवा "मला माहीत होतं" म्हणेल, असंही पुष्कळदा होतं. पुढचे काही आठवडे गोळी समोर बसून द्या. झोप, जेवण, शाळा याकडे लक्ष ठेवा. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना आधीच सांगून ठेवा. घरात जागा नसेल तर त्यांच्या खोलीत बोला. १०९७ ही नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि चांगली बातमी सांगायला विसरू नका, कारण आज ती खरी आहे. नियमित औषध घेणारं मूल म्हातारं होईपर्यंत जगू शकतं. विषाणूचं प्रमाण तपासणीत न दिसण्याइतकं खाली राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईने वेळेवर औषधं घेतली तर बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्याही खाली आणता येतो. लग्न, मूल, संसार, काहीही बंद झालेलं नाही. भिंतीवरची कवटी आता जुनी झाली, हे मुलाच्या कानावर पहिल्यांदा तुमच्याच तोंडून पडू द्या.

सुरुवातीला ज्या आईचा प्रश्न सांगितला, तिला मी शिपाई आणि जंतूची गोष्ट सांगितली. ती दोनदा माझ्यासमोर म्हणून पाहिली तिने, पाठ करावी तशी. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, "मलेच कोणी असं समजावून नाही सांगितलं होतं कधी." मग दार उघडून तिने पोराला आत बोलावलं.